मागून वाढवून घेऊ

आमच्या हुडकेश्वरच्या घराच्या गच्चीवर प्रत्येक कॉलमच्या डोक्यातून लोखंडी सळ्या बाहेर आलेल्या आहेत. वरचा मजला बांधायचा म्हणून सोडलेल्या. घर झालं तेव्हा आमचे हे गच्चीवर उभे राहून म्हणाले होते, "आता एवढंच. मागून वाढवून घेऊ." तेव्हा आमचा वैभव बालवाडीत होता. आता तो पुण्याला नोकरी करतो आणि त्या सळ्यांना मी कपड्यांची दोरी बांधते. उन्हाळ्यात भिवापुरी मिरची वाळत घातली की चादरीचे कोपरेही तिथेच बांधते. गंजाचे डाग काही केल्या जात नाहीत, ती कटकट वेगळी.

यांचं नाव भूपेश निमजे, पण ते फक्त वीजबिलावर. सगळ्या लेआउटमध्ये, म्हणजे आमच्या प्लॉटांच्या वस्तीत, ते 'निमजे सर'. माझे सासरे बाबनराव तांडापेठेत मागावर लुगडी विणायचे. त्यांची मुलं एकेक करून मागावरून उठली आणि मिळेल त्या कामाला लागली. हे तेवढे कॉम्प्युटर शिकले. हुडकेश्वरला तेव्हा निम्मी शेतंच होती आणि त्यात यांनी समोरच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला. ज्या बायांनी कधी माउसला हात लावला नव्हता, त्यांना यांनी टायपिंग शिकवलं. एखादं मशीन रखडायला लागलं की हे झाकण उघडत, आत मेमरीची एक पट्टी बसवत, आणि मशीन धावायला लागे. पट्टी बसताना 'टक्' असा आवाज यायचा. त्या वेळी यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मला आमच्या लग्नातही दिसलं नव्हतं.

पुढे मोबाइल आले आणि क्लास ओस पडला. आता त्याच खोलीत झेरॉक्सचं मशीन आहे आणि हे लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. पण सवय जाते कुठे? कोणाला फोन घ्यायचा, कोणाला प्रिंटर घ्यायचा, की "निमजे सरले विचारून घेऊ." आणि सर सांगतात. 'मला माहीत नाही' हे वाक्य मी संसारात यांच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. माहीत नसलं की हे उजवा कान चोळतात आणि आवाज वाढवतात. बाकीच्यांना वाटतं, सर विचार करत आहेत.

यांची सगळ्यात श्रद्धाळू विद्यार्थिनी म्हणजे माया. आमच्या मागच्या गल्लीतली. आमच्याकडे शिकली आणि त्या जोरावर एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर नोंदी करायच्या कामाला लागली. भेटेल त्याला सांगते, "मले निमजे सरनं उभं केलं." एवढं कोणी आपल्याबद्दल बोललं की माणूस फुगतोच. आमचे जरा जास्तच फुगतात.

तिची मुलगी दामिनी गेल्या वर्षी आर्किटेक्चरला लागली. लॅपटॉप घ्यायचा होता. दुकानात एकाच कंपनीचे दोन होते, रंगानेही सारखे. फरक एवढाच की एकात ग्राफिक मेमरी कमी, दुसऱ्यात दुप्पट, आणि तेवढ्यासाठी दुकानदार चांगलेच जास्त पैसे मागत होता. घ्यावा की न घ्यावा? मायलेकी दुकानातून थेट आमच्याकडे आल्या.

मी पोहे टाकले होते. आतूनच ऐकलं, दामिनी म्हणाली, "सिनियर म्हणून राहिले, जास्तवालाच घे. घराचं मॉडेल फिरवून पाहाले लागते, त्याले ही मेमरी लागते."

मी पडद्याआडून डोकावले. यांचा हात उजव्या कानावर.

"लागते, लागते," हे मोठ्याने म्हणाले. "पण आताच काहून पैसे घालता? पहिल्या वर्षी लेकरं कागदावरच काढत राहतात. आता कमीवाला घ्या. मागून वाढवून घेऊ. मी सोता बसवून देतो. एक पट्टीच तर असते!" मग छताकडे बोट दाखवून म्हणाले, "घरावर कशा सळ्या सोडतो आपण? तशीच आतमध्ये जागा सोडून ठेवत असते कंपनी."

"सर, रॅमची पट्टी असते," दामिनी हळूच म्हणाली. "ग्राफिकची मेमरी बोर्डावरच चिकटवलेली असते. मागून नाही लावता येत."

हे हसले. "बेटा, तुह्या आईले मी सीपीयू खोलून दाखवला, तेव्हा तू पाळण्यातही नव्हती."

मायाने पोरीच्या हातावर फटकन चापट मारली. "सरसंग वाद घालते काय वं? चूप बस." पोरगी चूप बसली. पोहे तिने निम्मेच खाल्ले. संध्याकाळी कमी मेमरीवाला लॅपटॉप त्यांच्या घरी आला.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "नसेल माहीत तर तसं सांगावं." त्यावर हे म्हणाले, "तू पोह्यात मीठ पाहा." विषय संपला.

दिवाळीनंतर दामिनीचा अभ्यास कागदावरून स्क्रीनवर आला आणि लॅपटॉप बसला. मॉडेल उघडलं की पडदा गोठायचा. जमा करायचं चित्र अर्ध्यावर काळं पडायचं. माया लॅपटॉप घेऊन आली, त्याला तिने स्वतः शिवलेली, कापूस भरलेली पिशवी होती. "सर, आता वाढवून देजा," म्हणाली आणि निर्धास्त निघून गेली.

दुपारी यांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उलटा घालून स्क्रू काढले. टॉर्च मारून मारून आत पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत पाहिलं. पट्टी बसवायची जागा एक होती, पण ती साध्या मेमरीची. ग्राफिकची मेमरी बोर्डाला चिकटलेली, दामिनी म्हणाली होती तशीच. सगळे स्क्रू परत लावून हे जेवायला बसले. वरणात मीठ विसरले होते मी, त्यावरही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सीताबर्डीला लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. मला ब्लाउजपीस घ्यायचे होते, म्हणून मीही सोबत. त्या माणसाने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. "अंकल, इसमें नहीं होता. लेते टाइमच जास्तीवाला लेना पडता. किसने बोला आपको, बाद में बढेगी?"

"मेरे को नहीं," हे म्हणाले. "जिनका है, उनको किसी ने बोला. रहता है कोई-कोई आदमी, मालूम कुछ रहता नहीं."

"ऐसे आदमी से पूछतेच काय को!" तो हसला.

आणि हेही हसले. मी बाजूलाच उभी होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आपला नवरा स्वतःलाच ओळख देत नाही, हे बघायला मी कशाला आले बर्डीवर, असं वाटलं. परत येताना मेडिकल चौकात सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी म्हणाले, "तो कोई-कोई आदमी मायाच्या घरी जाऊन सांगणार आहे की नाही?" यांनी हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं.

सांगितलं नाहीच. मायाचा फोन आला तेव्हा म्हणाले, "पार्ट मागवला आहे. येऊनच राहिला." त्यानंतर हे मागच्या गल्लीने जाईनात. दूध आणायला मोठा वळसा घालून मेन रोडने जायचे. झेरॉक्सच्या खोलीचं शटर अर्धं खाली ठेवायचे आणि पायांवरून माणूस ओळखायचे. मायाच्या चपला दिसल्या की मला पुढे करायचे. ती म्हणायची, "सरले घाई नका करू ताई, सर करतीन बराबर." तिकडे पोरगी कॉलेज सुटल्यावरही लॅबमध्ये नंबर लावून बसायची आणि माया बसस्टॉपवर तिची वाट पाहत उभी राहायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. यांच्यावर मी चिडायचे, पण वाढलेलं ताट अर्धवट सारून हे उठले की मी ते झाकून ठेवायचे.

एका रविवारी दामिनी एकटीच आली. शटरखालून वाकून आत शिरली, त्यामुळे यांना पळायला वाव नव्हता.

"सर, लॅपटॉप द्या. पार्ट येणार नाही, मले माहीत आहे."

यांचा हात कानाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"आईले नका सांगू," ती म्हणाली. "मी सांगतो का सरनं लावून दिला. लॅबमध्ये जमवून राहिली मी. तिले तुमच्यावर लय भरवसा आहे, सर. तो राहू द्या."

पिशवी खांद्याला लावून ती गेली. हे झेरॉक्सच्या मशीनवर हात ठेवून उभे होते. "धनश्री," म्हणाले, "त्या पोट्टीनं माह्यासाठी खोटं बोलाचं ठरवलं वं." डोळे भरले होते. मग स्वतःच चप्पल घातली. मी तशीच, पदराला हात पुसत, मागे निघाले.

माया दारातच तांदूळ निवडत होती. सर घरी आले म्हणून तिची केवढी धांदल! खुर्ची पुसली, पंखा लावला. आत दामिनी पिशवीतून लॅपटॉप काढत होती. आम्हाला पाहून तिने नकारार्थी मान हलवली.

"माया, तो पार्ट येत नाही," हे म्हणाले. "ते वाढवताच येत नाही. मले माहीत नव्हतं."

माया हसली. "काहीतरीच बाप्पा सर! तुम्हाले माहीत नसन असं होईन काय? कंपनीच बदमाश असन. राहू द्या, काही घाई नाही. मागून वाढवून देजा."

यांचेच शब्द. तिथे थांबता आलं असतं. दामिनीचे डोळे तेच सांगत होते, आणि चहा पिऊन, मान राखून घरी येता आलं असतं. यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"नाही माया. कंपनी नाही, मी. मले त्यातलं काहीच येत नव्हतं, तरी बोललो. आणि पार्ट मी मागवलाच नव्हता. तुही पोरगी तेव्हाच बराबर सांगून राहिली होती. मी तिले चूप बसवलं."

मायाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. यांच्याकडे तिने पाहिलंच नाही. वळून ती दामिनीकडे बघत राहिली.

"मी तुले मारलं होतं वं तेव्हा," ती म्हणाली.

हे खाली मान घालून उभे होते. मीही. त्या घरातून चहा न घेता आम्ही पहिल्यांदाच निघालो.