चार फेऱ्यांचा टाइम
मुलीच्या स्विमिंग बॅगेतून क्लोरीनचा वास आला की मला ट्रॉयच्या कम्युनिटी सेंटरमधली एक दुपार आठवते. मी चाळिशीत पोहायला शिकत होते आणि शेजारच्या लेनमध्ये एक जपानी बाई यायची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे अमेरिकेत आलेली. लहानपणी वडीलच तिचे कोच होते. ती राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत पोचली, आणि मग पोहणं सोडून टीव्हीवर मालिकांत काम करायला लागली, तेव्हापासून वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. त्या दुपारी बाहेर बर्फ पडत होता आणि ती काठावर पाय सोडून नुसतीच बसली होती. "सकाळी फोन आला, बाबा गेले," ती म्हणाली. "सिरियलमध्ये डायरेक्टर म्हणेल तेव्हा रडायचे मी. आज रडूच येत नाहीये." मग माझ्या हातात स्टॉपवॉच देऊन म्हणाली, "माझा टाइम घेशील? बाबा घ्यायचे." तिने सूर मारला आणि मी बघतच राहिले, बटण दाबायचं राहून गेलं. चार फेऱ्या झाल्यावर धापा टाकत तिने विचारलं, "किती?" मी घाबरून एक आकडा ठोकून दिला. "फार स्लो," ती म्हणाली, "बाबा म्हणाले असते, पुन्हा." आणि काठ धरून ती हमसाहमशी रडायला लागली. पुढच्या वर्षी ते लोक जपानला परत गेले. नव्या वर्षाला अजून तिचा मेसेज येतो. उत्तरात मी खरं काय ते लिहायला घेते आणि दर वेळी पुसून टाकते.