पान्हा चोरणारी

माझं कुणी खरंच मानत न्हाई! चौथी शिकलेली बाई, वरून तोंड फाटकं. डेअरीवरच्या बाया म्हणतात, "सुमनबाईचं ऐका, पण अर्धं सोडून द्या!" रोज सकाळी धावड्याच्या डेअरीवर कॅन घेऊन लाइनीत उभं राहायचं आणि नंबर येईपर्यंत बोलायचं. असं करता करता दुधापेक्षा गोष्टीच जास्त साठल्या. माझ्या घरच्या तेवढ्या सांगते. एक बी खोटी न्हाई.

*

आमच्या म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून ती चांदरी. तिची धार कायम माझी लेक काढायची, रोहिणी. कासेला हात लावून नुसतं म्हणायची, "ये गं बाई, ये," की सडातून दूध टपकायला सुरू!

लग्न होऊन रोहिणी पुण्याला गेली. मंग चांदरी व्याली, रेडकू आठ दिवसांत मेलं आणि तिनं पान्हा चोरला. कास दगडासारखी टम्म, आणि चरवीत चार धारा.

मी म्हणलं, "तिला रोहिणीचा आवाज पाह्यजे." सगळ्या हसल्या.

*

एक दिवस मी रोहिणीचा जुना पंजाबी ड्रेस घालून धार काढायला बसले. ह्या वयात! ओढणी डोक्यावरून घेतली. चांदरीनं हुंगलं, माझ्याकडं नीट बघितलं आणि चरवीला लाथ घातली.

शेजारची कडूबाई कुडावरून बघून राह्यलती. "सुमन, म्हशीला फसवायला निघालीस, पण आधी स्वतःची कंबर तर बघ!"

दुसऱ्या दिवशी सगळ्या डेअरीला बातमी. मी बी हसले. ड्रेस मात्र अजून धुतला न्हाई. त्याला रोहिणीचा वास हाय.

*

रोहिणीचे वडील, आमचे मालक, कुठून तरी इंजेक्शन घेऊन आले. "हे टोचलं की बराबर पान्हा सोडती."

"आधी तुम्हाला टोचते," मी म्हणलं, "बघू काय सुटतं!"

सुई, बाटली, सगळं उकिरड्यात. मालक चिडले. "मंग म्हैस बाजारात नेतो!"

"रोहिणीला सातवा लागलाय. बाळंतपणाला येईल, तवर थांबा. ती हाक मारील, चांदरी दूध देईल."

"न्हाई दिलं तर?"

"तर मला बी न्या बाजारात!"

*

ढोरांचे डॉक्टर आले. त्यांनी मात्र माझं अर्धं बी सोडलं न्हाई.

"बराबर हाय, मावशी. ओळखीचा आवाज कानात गेला की मेंदू रक्तात हार्मोन सोडतो. चिठ्ठीच समजा. ती सगळ्या अंगात फिरते, पण वाचता येते ठरावीक पेशींनाच. कासेतल्या पेशी वाचतात, आवळतात आणि दूध खाली येतं. जनावर भ्यालं, चिंतेत असलं, की दुसरं हार्मोन येऊन वाट अडवतं. दूध आत असतं, उतरत न्हाई."

"आन् बाईमाणसाचं?"

"तसंच."

कडूबाई मधीच बोलली, "बाप्यांच्यात असतंय का हो हे हार्मोन?"

"असतं की!"

"मंग आमच्या मालकाच्या चिठ्ठ्या पोस्टातच पडून हैत!"

डॉक्टरांना सुई धरता येईना, इतके हसले.

*

बाळंतपणाची खोली सारवली. बाज कसून घेतली. अळीव आणला, डिंक आणला, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. पहिलं बाळंतपण, माहेरीच होणार!

विहीणबाईंचा फोन आला. "इथे मोठे दवाखाने आहेत. तुमच्या धावड्यात काय आहे?"

"तिची आई हाय!"

त्यांनी फोनच ठेवला.

ती खोली मी रोज झाडते. बाजेवर कुणाला बसू देत न्हाई. कडूबाईला बी न्हाई.

*

नातू पुण्यालाच झाला. पाचव्या दिवशी संध्याकाळी मालक नवं दावं घेऊन आले. "उद्या बाजार. आता कुणाची वाट बघती?"

मी चरवी घेऊन गोठ्यात बसले. तेवढ्यात फोन वाजला. हात कासेला, म्हणून फोन स्पीकरवर टाकून गव्हाणीवर ठेवला.

"आई, दूध उतरून न्हाई राह्यलं." रोहिणी दबक्या आवाजात बोलत होती. मागं बाळ रडून रडून घोगरं झाल्तं. "छाती दगड झाली. सासूबाई म्हणतात, नाटकं करती. माझं कुणी खरंच मानत न्हाई, आई."

चांदरीनं कान टवकारले. मान फोनकडं वळवली आणि अशी हंबरली, की पत्रे वाजले!

फोनमधून बारीक आवाज आला, "चांदरी हाय का गं ती?"

"हाय."

रोहिणी हसली, मधीच रडली, परत हसली. म्हणली, "ये गं बाई, ये... ये..."

माझ्या हाताखाली सड भरले. चरवीत धार वाजायला लागली. मालक दावं घेऊन दारातच उभे. आणि तिकडं बाळाचं रडणं थांबलं. नुसतं चुटूचुटू, चुटूचुटू.

लांबून विहीणबाई ओरडल्या, "अगं बाई, सगळी गादी भिजली! कुणी केलं हे?"

रोहिणी म्हणली, "चांदरी."