‘जेवली का?’ विचारणारा माणूस

“हे मुद्दाम करत नाहीत, ताई. यांच्या मेंदूचा तो भागच आकसलाय.” नांदेडच्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली आणि यांच्या कपाळामागची काळी जागा बोटाने दाखवली. मी फिल्मकडे बघितलं, मग यांच्याकडे. हे डॉक्टरांच्या टेबलावरचा बिस्किटाचा पुडा फोडत होते.

आजाराचं नाव फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. फ्रंटल म्हणजे कपाळामागचा भाग, टेम्पोरल म्हणजे कानशिलाजवळचा. डिमेन्शिया म्हटलं की आपल्याला विसरभोळे म्हातारे आठवतात. इथे सुरुवातीला आठवण शाबूत असते; आधी भीड जाते, माया जाते. यांना टायरची मापं तोंडपाठ होती, पण मी समोर रडत बसले तरी हे टीव्ही बघायचे.

यांचं वारंगा फाट्यावर टायर-पंक्चरचं दुकान. मी गावच्या अंगणवाडीत सेविका. हातात मोबाइल आला तेव्हापासून रोज दुपारी यांचा फोन यायचा, “जेवली का?” बस, एवढंच. डबा उघडलेला नसला तरी मी म्हणायचे, “व्हय, जेवले.” मदतनीस बाई चिडवायची, “आला बघा साहेबाचा फोन.” एक दिवस फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी तोंडाची फटकळ, संध्याकाळी विचारलं, “काहून, हात मोडले का?” हे जिलबी खात राहिले. आधी गोडाला न शिवणारा माणूस.

मग गिऱ्हाइकांशी भांडणं सुरू झाली. थोरले दीर वारले तेव्हा तर कळस झाला. मातीला सगळा गाव जमलेला, आणि हे भावाच्या उशाशी बसून हसले, वर चहा मागितला. जाऊबाईंचं रडणं जागीच थांबलं.

“भावजी, सख्खा भाऊ गेला अन् तुमाला हसू येऊन राहिलं? काळीज हाय का दगड?”

त्या दिवसापासून त्यांनी आमच्या घराची पायरी चढणं सोडलं. गावाने निदान करून टाकलं होतं, दारू. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं हाय. मला संशय दुसऱ्या बाईचा होता. हिंगोलीला रक्त, साखर तपासली, सगळं बराबर निघालं. मनोविकाराच्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन पाहिल्या, फरक पडेना तेव्हा त्यांनीच आम्हाला नांदेडला पाठवलं. एमआरआयच्या खोलीबाहेर बाकावर बसून मी एकच म्हणत होते, काहीतरी सापडू दे. आजार सापडला तर माझा माणूस तरी निर्दोष सुटेल.

सापडला. “बरे होतील ना?” मी विचारलं.

“बरं करणारं औषध आज तरी नाही. चिडचिड कमी व्हायला गोळ्या देते. यांच्यावर राग काढू नका. आणि तुम्ही वेळेवर जेवत जा.”

हे शेवटचं ऐकून मी तिथेच ढसाढसा रडले.

फिल्म घेऊन मी सरळ जाऊबाईंकडे गेले. “अक्का, काळीज दगड झालं न्हाई. मेंदू वाळून राहिला. हे बघा.” त्यातलं त्यांना काय कळणार, मलाही कळत नव्हतं. त्यांनी फिल्म मांडीवर घेतली.

“मह्या धन्याच्या मातीत हसले, ते मला इसरणं व्हत न्हाई,” त्या म्हणाल्या. “पण तू अंगणवाडीत गेली की मी बसत जाईन त्यांच्याजवळ.”

तेव्हापासून त्या बसतात. त्यांचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही.

तुमच्या घरातला चांगला माणूस एकाएकी निलाजरा, निष्ठुर झाला तर भांडा, मन मोकळं करा, पण त्याला मेंदूच्या डॉक्टरकडेही न्या. आम्ही फार दिवस नुसते भांडलो.

आता यांचं बोलणं संपत आलंय. समोरचा बोलेल तेच परत बोलतात. याला इकोलेलिया म्हणतात, म्हणजे नुसता पडसाद. “त्यात अर्थ शोधू नका,” डॉक्टर म्हणाल्या. खरं असेल त्यांचं. तरी दुपारी मी घरी येते, यांना भरवते, माझं ताट वाढून यांच्यासमोर ठेवते आणि म्हणते, “जेवली का?”

“जेवली का?” हे म्हणतात.

“व्हय, जेवले,” मी म्हणते, आणि मग जेवायला बसते.