वस्तादांनी मोडलेली कुस्ती

वस्ताद कुणाला मारायचे तर आधी बोटातली चांदीची अंगठी काढून बंडीच्या खिशात टाकायचे. तेवढ्या वेळात पोरानं पळावं, एवढीच सवलत. सोलापुरातल्या आमच्या तालमीत ती कुणी घेतली नाही, कारण दुसऱ्या दिवशी दुप्पट मार मिळायचा. ओली छडी, मानेवर गुडघा. "माती मऊ हाय, मी न्हाय," म्हणायचे. मारून झालं की स्वतःच्या हातानं थंडाई पाजायचे.

माझा नातू प्रताप त्यांचा लाडका, म्हणून त्याला मारही जास्त. आईवडील पुण्याला, पोरगं माझ्यासारख्या जुन्या शाळामास्तराकडे. सोळाव्या वर्षी कोरोनाच्या लसीचा दुसरा डोस घेतला आणि दोन-तीन दिवसांनी त्याच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. "हृदयाला सूज आहे. या वयात लसीनंतर क्वचित होतं, बहुतेक मुलं बरी होतात. पण काही महिने कुस्ती बंद. जोर केला तर जीव जाईल."

टेंभुर्णीजवळच्या जत्रेत त्याची कुस्ती ठरली होती. लॉकडाऊननंतरची पहिलीच. दुखणं थांबलेलं बघून, ती हुकू नये म्हणून मी पोराला आणि वस्तादांना सांगितलं, "स्नायू आखडलाय. मातीत जिरेल." तालमीत सगळ्याच दुखण्याला हेच औषध होतं.

कुस्ती लागली. प्रताप खाली दबला, ओठ काळेनिळे पडले. वस्ताद माझ्याकडे वळले. "मास्तर, पोराला काय झालंय?"

मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं.

"आरं मुडद्या!" एवढंच म्हणाले.

सलामीनंतर वस्तादानं आखाड्यात पाय ठेवला की त्याची वस्तादकी संपली, असा आमच्याकडचा रिवाज. वस्तादांनी उडी घेतली. समोरच्या पैलवानाला लाथेनं उडवलं, उठून पुन्हा भिडू पाहणाऱ्या प्रतापच्या थोबाडीत मारली. अंगठी बोटातच होती, गाल फाटला. केसाला धरून त्याला बाहेर ओढला. हार बघवली नाही म्हणून म्हाताऱ्यानं कुस्ती मोडली, असं समजून लोकांनी दगड घातले, चपला घातल्या. वस्ताद पोरावर पालथे पडून राहिले. त्यांचा खांदा मोडला. मी गर्दीत उभा होतो. तोंड उघडलं नाही.

पंचांनी त्यांना तालमीतून काढलं. ते सांगोल्याकडं गावी मेंढरं राखायला गेले. एकदा मी भेटायला गेलो, सगळ्यांना खरं सांगतो म्हणालो.

"कशाला? पोरगं माज्यावर चिडून का हुईना, जित्तं हाय की. तुमच्यावर चिडलं तर ऱ्हाईल कुणाकडं?"

मी तेवढ्यावर गप्प बसलो. सोयीचंच होतं ते.

गेल्या महिन्यात वस्ताद वारल्याचा फोन आला. प्रताप म्हणाला, "बरं झालं." तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या खोलीपासून. त्यानं भिंतीवर मूठ आपटली, हात रक्ताळला. मग गाडीची किल्ली घेतली.

"मीही येतो," मी चप्पल घालत म्हणालो.

"तुम्ही नाही, आजोबा."

खांदा द्यायला तो एकटाच गेला.