लाल पाइपवाले भाऊजी

जगातला प्रत्येक धोका भिलाईतल्या स्मृति नगरात येऊन आपल्याच घराचा पत्ता विचारतो, अशी पक्की खात्री असलेला माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी. नोकरी सगळी तिथल्याच पोलाद कारखान्यात, तीही सेफ्टी विभागात. निवृत्त झाले ते कारखान्यापुरते. घरातल्या जिन्याच्या कडांना त्यांनी पिवळे पट्टे मारले, अंगणातले आंबे हेल्मेट घालून उतरवले, आणि पाहुणे आले की चहाच्या आधी आग लागल्यास कुठल्या दाराने पळायचं ते दाखवण्याचा नेम ठेवला. माझ्या नवऱ्याला तर पहिल्या भेटीत त्यांनी पळून दाखवायला लावलं होतं.

मुलगा, सून आणि नातवंडं घरातच राहतात. एके दिवशी नातू गृहपाठासाठी काही शोधत असताना पडद्यावर भलतंच चित्र उमटलं. नातू खो खो हसला, भाऊजी मात्र पाणी पिऊन बसले. त्या दिवसापासून त्यांना इंटरनेटची सेफ्टी लागली. साइटच्या पत्त्याला शेवटी ठिपक्यानंतर 'कॉम'सारखं जे शेपूट असतं, ते मोठ्यांच्या मजकुराला वेगळं द्यावं, म्हणजे घराघरांत तेवढं शेपूट बंद करता येईल, ही त्यांची योजना. भाजीवाल्यालासुद्धा ती तोंडपाठ झाली होती. "प्लांटमध्ये गॅसची पाइप वेगळी, पाण्याची वेगळी, रंगही वेगळे," ते मला म्हणाले. "मंग इंटरनेटले एकच पाइप कावून? घाण सारी लाल पाइपात टाका, अन् व्हॉल्व्ह बंद!"

सून शाळेत कॉम्प्युटर शिकवते. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "बाबा, पण लाल पाइपात जायला ते साइटवाले राजी कशाला होतील? और लाल क्या है, ये तय कौन करेगा?"

"मी करतो ना!" भाऊजी म्हणाले. इतक्या मोठ्या जागतिक प्रश्नाचं उत्तर इतक्या झटपट मिळालेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

सरकार ऐकेपर्यंत थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी घरच्या वायफायवर गाळणी बसवली आणि आपल्याला जे शब्द अवघड वाटतात ते सगळे, एकटे बसून, दार लावून, तिच्यात भरले. नको तिथे यायचं ते येईनासं झालं, हे खरं. पण चिकन ब्रेस्टची पाककृतीही येईना, तिच्या जागी पडद्यावर लाल पाटी यायची. नातवाने तक्रार केली तर म्हणाले, "तंगडी खा."

त्याच सुमाराला सेक्टर सहामधल्या आमच्या मराठी मंडळाने वादविवाद ठेवला. विषय भाऊजींनीच सुचवलेला : मोठ्यांच्या मजकुराला इंटरनेटवर वेगळा पत्ता असावा का? बाजूने सासरे, विरोधात सून. महिनाभर घरात दोन पक्ष एकाच डब्यातली चटणी खाऊन तयारी करत होते.

तयारीच्या पहिल्याच आठवड्यात मी ताईकडे गेले. तिने मला आतल्या खोलीत नेलं, दार ओढलं आणि माझा हात आपल्या छातीवर एका जागी ठेवला. गाठ होती.

"मले आधी कावून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"फोनवर पाहत होती मी, काय असते म्हणून," ताई म्हणाली. "त लाल पाटीच येते. हा मजकूर या घरासाठी नाही म्हणते. दोन-तीनदा पाहिलं. मले वाटलं, विचारायचीच गोष्ट नसंल."

मी बाहेर आले आणि भाऊजींना सगळं सांगितलं, लाल पाटीसकट. त्यांनी आधी स्कूटर बाहेर काढली, मग ताईची चप्पल आणून तिच्या पायाशी ठेवली.

तपासण्या झाल्या, ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, आलात ते बरं केलं, अजून थांबला असता तर अवघड होतं. दवाखान्याच्या बाकावर भाऊजींनी मला हळूच विचारलं, "पाटीचं सोड. पण मी त घरातच होतो. मले कावून नाही विचारलं तिनं?" माझ्याजवळ उत्तर होतं, पण त्या बाकावर ते द्यावंसं वाटलं नाही.

वादविवादाला ते आले तेव्हा ऑपरेशन होऊन ताई दवाखान्यातून घरी आली होती. माइकसमोर उभे राहून म्हणाले, "पोरांले जपाच लागते, ते मी आजही म्हणतो. पण लाल काय, हे मी एकट्यानं ठरवलं, अन् माझ्याच घरातल्या बाईले आपलं दुखणं शोधता आलं नाही. सूनबाई विचारत होती, कोण ठरवणार. मी नाही." आणि ते खाली बसले. बाजूने बोलायचं असून विरोधात बोलल्याबद्दल अध्यक्षांनी नियमावर बोट ठेवून त्यांचे गुण कापले. सुनेला पहिलं बक्षीस मिळालं. तिने ते घेतलं, पण टाळ्या वाजत असताना ती सासऱ्यांकडेच पाहत होती.

गाळणी अजून आहे. तिची सूत्रं आता सुनेकडे आहेत. मुलं फोन घेऊन बसली की भाऊजी शेजारी खुर्ची ओढतात. मुलं काहीही विचारतात. भाऊजींचे कान तांबडे होतात, पण उठून जात नाहीत. परवा मी बसले होते तेव्हा नातीने विचारलं, "आजोबा, आजीले काय झालं होतं?" भाऊजींनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग त्यांनी सगळं सांगितलं, गाळणीत भरलेल्या त्या शब्दासकट, जरा अडखळत. ताई स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. ती बाहेर आली नाही. तिने नुसता नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.