जाड वायर आणि तयार कान

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. माझ्यासारख्या जाणकाराची फजिती व्हावी, आणि तीही एका वायरीपायी!

झालं काय, अॅम्प्लिफायरसाठी मी खास वायर मागवली. काम एवढंच, भिंतीतल्या प्लगपासून वीज आत न्यायची. पण काय वायर होती! मनगटाएवढी जाड, नाग झोपलाय असं वाटावं! वीज शुद्ध आली की सूर शुद्ध येणार, साधी गोष्ट आहे. तो फरक कळायला कान लागतात. ते मला आहेत, याबद्दल मला तरी शंका नव्हती.

रविवारी शेजारच्या पांडेजींना जेवायला बोलावलं. दुर्गाघाटच्या आमच्या गल्लीत ते चाळीस वर्षं सतार शिकवतायत. माझी सिस्टीम त्यांनी जुन्या वायरीवर ऐकलेली होती. मी तीच रेकॉर्ड लावली आणि डोळे मिटले.

"वाह! तानपुरा कैसा उजळ गया! धुकंच निघून गेलं, पांडेजी!"

पांडेजींनी नीट ऐकलं. "भइया, हमको तो वही का वही लग रहा है."

"इसके लिए कान तैयार होना चाहिए!"

कुणाला म्हणालो? सतारीच्या मास्तरांना! जीभ कशी झडली नाही माझी?

पांडेजींचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "उमर हो गई. शायद अब सुनाई कम देता है. सिखाना बंद कर दें क्या?"

तेवढ्यात आमची सुलभा स्वयंपाकघरातून तरातरा बाहेर आली. "अहो, त्यांना कशाला घाबरवताय? ती जाडी वायर तिथं नाहीच आहे!"

"म्हणजे?"

"विजेच्या कुकरची वायर सकाळी माकडानं पळवली. म्हणून तुमची काढून कुकरला लावली. इथं कॉम्प्युटरची खुपसलीय."

"मग आधी सांगायचं नाही?"

"सांगणारच होते. पण तुम्ही डोळे मिटून मान डोलवायला लागलात!"

मी अॅम्प्लिफायरच्या कपाटामागे डोकावलो. पेन्सिलीएवढी बारीक वायर! मुकाट्यानं पांडेजींचे पाय धरले. ते मात्र ठसका लागेपर्यंत हसले. "जाने दो गुरु, हमारे कान तो बच गए!"

पानं वाढली गेली. आता तरी मी गप्प बसावं की नाही? पण पहिला घास घेतला आणि तोंडून निघूनच गेलं,

"काहीही म्हण सुलभा, आज भात नेहमीपेक्षा मोकळा झालाय हं!"