संगीत : यादव कोंडू शेलार

ऐंशी ते नव्वद या दहा वर्षांत भिवंडीत तीन गोष्टी वाढल्या : माग, डास आणि यादव शेलारचे आगामी चित्रपट. पहिल्या दोन गोष्टी चोवीस तास कानाशी वाजत असत. तिसरीची खबर फक्त यादवकडून मिळे.

यादव माझ्याबरोबर शाळेत होता. मी केसरीनाथ म्हात्रे, पूर्णा गावचा, भिवंडीतल्या कामतघरच्या शाळेत मास्तर. तो त्याच शाळेमागच्या चाळीत राहणारा. त्याचे वडील कोंडू शेलार माग चालवायचे. ते लवकर गेले. आई शेवंताकाकी मागाच्या धोट्यात बसवायच्या कांड्या भरायची. चाळीच्या बुद्धविहारात एक जुनी पेटी होती, तिच्यावर यादव आपला आपण शिकला. त्याला सूर कळायचे, हे मी तेव्हाही मान्य करत होतो. माझं भांडण सुरांशी नव्हतं, बातम्यांशी होतं.

एक्याऐंशी साली त्याने कार्ड छापून घेतलं, तेही लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये, त्यामुळे कोपऱ्यात गणपती येता येता राहिला. 'यादव के. शेलार, फ्रीलान्स संगीत दिग्दर्शक.' ते कार्ड महादूच्या हॉटेलात या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. फ्रीलान्स हा शब्द कामतघरात कोणी ऐकला नव्हता. मागावरच्या एका कारागिराने कार्ड उलटसुलट करून विचारलं, "फ्री में करता है क्या?" यादवला राग आला. पण पुढची दहा वर्षं पाहता, इतका अचूक अर्थ मला कुठल्याही शब्दकोशात सापडला नसता.

आठवड्यातून तीनदा यादव एसटीने मुंबईला जायचा आणि परतला की महादूकडे बसून निवेदन करायचा. आम्ही विचारलं नाही तरी करायचा. ब्याऐंशीत 'बोलणं चालू' होतं. त्र्याऐंशीत 'सिटिंग' झालं. सिटिंग म्हणजे निर्मात्यासमोर पेटी घेऊन बसणं, आणि निर्माता आलाच नाही तर नुसतंच बसणं. पंच्याऐंशीत एका सिनेमाचा मुहूर्त झाला. नारळ फुटला, यादवने चाळीत पेढे वाटले, आणि मग निर्मात्याला आपण मुळात बिल्डर आहोत याची आठवण झाली. सत्त्याऐंशीत टीव्हीवरची तेरा भागांची मालिका हातात आली. तिचे तेराही भाग हातातच राहिले.

"या वेळी पक्कं आहे, केसरी."

"मागच्या वेळी काय कच्चं होतं?"

"तू मास्तर आहेस. तुला नाही कळायचं."

मधल्या काळात, म्हणजे जवळजवळ सगळाच काळ, तो आगऱ्यांच्या लग्नात, हळदीला, बेंजो पार्टीत कॅसिओ कीबोर्ड वाजवायचा. बायको द्रौपदी दवाखान्यात आयाचं काम करायची, त्यावर घर चालायचं. हळदीत वाजवतो असं मात्र त्याने एकदाही सांगितलं नाही. आमच्याच पूर्ण्यात मांडवाखाली मला बघून तो कॅसिओमागे वाकला आणि चप्पल शोधायला लागला.

एक गोष्ट कबूल करतो, तो काम करायचा. पण फक्त शुक्रवारी. भिवंडीत शुक्रवारी माग बंद असतात. बाकी सहा दिवस चाळीला चिकटलेल्या कारखान्यात चाळीस माग धडधडत असत आणि कुठलीही चाल लावा, ती आपसूक त्याच ठेक्यावर जायची. त्याने एकदा बुधवारी अंगाई लावली होती. निर्माता म्हणाला, "अहो, हे ऐकून मूल झोपायचं नाही, कामावर जाईल." तेव्हापासून शुक्रवार. एकोणनव्वदमध्ये एका गाण्याच्या नुसत्या मुखड्यावर त्याने सहा शुक्रवार घालवले. एकच ओळ, पेटीवर, सकाळपासून. बायका भांडी घासताना तीच गुणगुणायला लागल्या. महादू चहा गाळताना तीच शीळ घालायचा आणि मग यादवला शिव्या द्यायचा. मीसुद्धा फळ्यावर बेरीज मांडताना एकदा ती गुणगुणलो, आणि आख्ख्या वर्गाने ती पुढे उचलली.

नव्वद साली सरकारला अचानक आठवलं की देशात निरक्षर लोक आहेत. संध्याकाळी सहाला प्रौढांचा वर्ग घ्यावा असा आदेश निघाला आणि मी 'स्वेच्छेने' तयार आहे असं हेडमास्तरांनी वरती कळवलं. पहिल्या दिवशी अकरा बायका आल्या. बारावी शेवंताकाकी, कांड्या भरून झाल्यावर, केसांत सुताचा कापूस तसाच. तीस वर्षं मागांच्या आवाजात काढल्यामुळे तिला कमी ऐकू यायचं आणि तिचं बोलणं दोन गल्ल्यांना ऐकू जायचं.

मी पुस्तक उघडून पहिला धडा काढला.

"माला ह्ये नको," ती ओरडली. "माला य द्या."

"काकी, य शेवटाकडे येतो. आधी सोपी अक्षरं घेऊ."

"माला सोपं नको, गुरजी. यादवचा शिनेमा येनार हाय. त्यात त्याचं नाव येनार हाय, पुरं, बापासकट. त्ये माला वाचायचं हाय. बाकी तुमचं कमळ-बिमळ ज्याला पायजे त्याला द्या."

मला हसू आलं. यादवच्या भरवशावर कुणी अक्षर शिकायला बसावं, याहून मोठी साक्षरतेची थट्टा सरकारलाही जमली नसती. पण मी य दिला. मग द, मग व. दोन महिन्यांत ती 'यादव कोंडू शेलार' पाटीवर लिहायला लागली. मग 'संगीत' मागितलं, कारण ते नावाच्या आधी असतं असं यादवने तिला सांगून ठेवलं होतं. आणि मग ती थांबेना. दुकानांच्या पाट्या, रिक्षाच्या मागचं, 'येथे थुंकू नये', सगळं मोठ्याने वाचत रस्त्याने चालायची. थुंकणारे दचकायचे. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. माझ्या मास्तरकीत इतकी हट्टी विद्यार्थिनी दुसरी झाली नाही, आणि मला तिचा अभिमान वाटायचा.

फेब्रुवारीत, मधल्या सुट्टीत, यादव शाळेत आला. दारात उभा राहून म्हणाला, "सर, जरा वेळ आहे का?" त्याने मला सर म्हटल्यावर मी जेवणाचा डबा बंद केला.

"आईला जरा हळू शिकव," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"सिनेमा झालाय. खरंच झालाय. पुढच्या महिन्यात आपल्याकडे लागतोय. पण माझं नाव नाही त्यात."

मग सगळं बाहेर आलं. दोन वर्षं तो दादरच्या प्रद्युम्न नावाच्या संगीतकाराकडे सहायक होता. या सिनेमातलं मुख्य गाणं यादवचं, ते सहा शुक्रवारवालं. टायटलमध्ये नाव देतो, असं प्रद्युम्नने आधी सांगितलं होतं. मग म्हणाला, या वेळी गप्प राहा, पुढच्या सिनेमात अर्धं नाव तुझं. आणि दहा वर्षांत पहिल्यांदा समोर खरोखरचा पुढचा सिनेमा होता, म्हणून यादव गप्प राहिला.

"मग तसं सांग काकीला."

त्याने दाराची कडी उगाच दोनदा वर-खाली केली. मग म्हणाला, "तुम्ही सगळे हसायचात, केसरी. तिने एकटीने ऐकलं. प्रत्येक वेळी, पहिल्यांदाच ऐकतेय असं."

मी म्हटलं, "सिनेमात लोक नाव बदलतात असं सांग. प्रद्युम्न म्हणजे मीच, म्हणावं."

"त्यात बापाचं नाव बघायचंय तिला. तेही बदललं म्हणून सांगू?"

त्याचा बेत साधा होता. नावं भरभर जातात, आईला अजून नीट येत नाही, तो बोट दाखवेल, ती मान डोलवेल. फक्त महिनाभर तिला फार हुशार होऊ द्यायचं नाही. दहा वर्षांत यादवने मागितलेलं माझ्या आवाक्यातलं हे एकच काम होतं. मी हो म्हणालो. मास्तर म्हणून मला त्याची लाज वाटली, आजही वाटते.

आणि मी मास्तरच असल्याने अक्कल लावली. बाईची गाडी अडवायची तर जोडाक्षरांवर अडवू. तिथे चौथीची पोरंही लटकतात. महिनाभर मी तिला प्र, द्य, म्न, क्ष, ज्ञ यांच्या चिखलात घातलं. बाकीच्या अकरा बायका वैतागून वर्गाला यायच्या बंद झाल्या. शेवंताकाकीने दात ओठ खाऊन प्रत्येक जोडाक्षर पन्नास पन्नास वेळा गिरवलं. मी कसली बरोबर अक्षरं निवडली होती, ते तेव्हा माझ्या टाळक्यात आलं नाही.

सिनेमा लागला. नाव सांगत नाही. लोक विसरलेत, मी कशाला आठवण करून देऊ? पहिल्या शुक्रवारी दुपारच्या खेळाला चाळीतल्या वीसेक बायका नवी लुगडी नेसून आल्या. मागच्या तीन रांगा आमच्या. शेवंताकाकी मध्ये, एका बाजूला यादव, दुसऱ्या बाजूला मी. यादवचे पाय हलत होते.

नावं सुरू झाली. नट, नट्या, गीतकार. मग पडद्यावर कमळ उमललं आणि त्यात सोनेरी अक्षरं आली. प्रद्युम्नने स्वतःचं नाव इतका वेळ ठेवून घेतलं होतं की पहिलीतल्या पोरानेही वाचून काढलं असतं.

"त्ये बघ आई, त्ये," यादव बोट दाखवून पुटपुटला.

"सं-गी-त," शेवंताकाकीने थिएटरभर ऐकवलं. "प्र... द्यु... म्न." एकही अक्षर अडलं नाही. अंधारात मला तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि बघायची हिंमतही नव्हती. यादवचं बोट तसंच हवेत राहिलं होतं.

अर्ध्या तासाने ते गाणं आलं. नटी विहिरीवर आली, वाद्यं वाजली आणि तिने तोंड उघडण्याआधी आमच्या तीन रांगांनी चाल उचलली. शब्द कुणाला ठाऊक नव्हते, पण चाल सहा शुक्रवार कानांत घोळलेली. महादूची शीळही आली. हॉटेल बंद ठेवून तो मागे उभा होता, हे मला तेव्हा कळलं. नटी मागून येत होती. डोअरकीपर टॉर्च घेऊन धावत आला.

"आज पहला शो है," तो मला म्हणाला, "इन लोगों को गाना कैसे मालूम?"

मी त्याच्या टॉर्चवर हात धरला. मी दहा वर्षं त्या माणसाची टर उडवली, आणि या गर्दीत त्याच्यावर विश्वास न ठेवलेला मी एकटाच तर नव्हतो ना, असा एक हलकट विचार मनात आला.

बाहेर ऊन होतं. यादव भिंतीला टेकून उभा राहिला. आता बोलणार, सगळं सांगणार, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. शेवंताकाकी सरळ माझ्याकडे आली.

"गुरजी, नाव चुकलंय."

"काकी..."

"चाल आमच्या यादवची. साऱ्या चाळीनं ऐकलीय. आन् लिवलंय भलतंच. मी दोनदा वाचलं, माझी चूक न्हाय."

तिला काय कळलं होतं आणि किती, ते मला आजही सांगता येणार नाही. यादव आईकडे बघत होता. मी म्हणालो, "हो काकी. चुकलंय."

"मग त्येंला कळवाया नको?"

दुसऱ्या दिवशी वर्गात एकटी येऊन ती पोस्टकार्ड लिहायला बसली. आयुष्यातलं पहिलं पत्र, एक तास लागला. मी नेहमीप्रमाणे तपासायला लाल पेन काढलं.

'तुमच्या सिनेमात संगीतला नाव चुकले आहे. खरे नाव यादव कोंडू शेलार. दुरुस्त करावे. लिहिणाऱ्याला अक्षरे येत नसतील तर आमच्या गुरुजींचा वर्ग संध्याकाळी सहाला असतो. शेवंता कोंडू शेलार, कामतघर.'

लाल पेन मी खिशात ठेवलं. पत्त्याची बाजू कोरी होती. पत्ता तिला माहीत नव्हता.

ती कार्ड घेऊन घरी गेली, मीही मागोमाग गेलो. यादव ओटीवर बसला होता. तिने कार्ड त्याच्या पुढ्यात धरलं. "तू जातोस तितला पत्ता लिव."

त्याने पत्र वाचलं. परत वाचलं. हे कार्ड दादरला पोचलं की पुढचा सिनेमा गेला, त्यातलं अर्धं नाव गेलं आणि त्यानंतर मुंबईत कुणी पेटी उघडू देणार नाही, हे मला कळत होतं, तर त्याला कळत नसेल असं कसं म्हणू? मी हात पुढे केला. "आण इकडे, यादव. पत्ता मी लिहितो. तुला यात यायला नको."

"नको," तो म्हणाला आणि माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. "प्रद्युम्नला माझं अक्षर ओळखता येतं."